सहावं बोट

मी पाटी वगैरे लावली नाही.
फक्त टेबलाच्या मधोमध ठेवला
चकल्यांचा रिकामा डबा, झाकण काढून,
आणि म्हटलं, यात.

तबरेजनं लगेच टाकला.
मृदुलानं, "आई एकटीये रे" म्हणत, पालथा.
ईशानीचे दोन.
शौनक म्हणाला, माझ्या फोनवर माझी कॅरेक्टर शीट आहे.

शौनक शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो,
हे सांगायचं राहिलं.

सहकारनगर, तिसरा मजला, शनिवार.
तळजईवर मोर ओरडतायत.
पंखा दोनवर, नाहीतर नकाशा उडतो.
नकाशा मी गुरुवारी काढलाय, वीज गेली तेव्हा,
खिडकीशी बसून:
सातवेणी नदी निळ्या शाईत, पुढे काळडोह,
डोहाशी एक होडी.

"तुम्ही पोचता तेव्हा तिन्हीसांज झालीये.
पाण्यावर धूर. नावाडी उभा,
डाव्या हाताची पाच बोटं वल्ह्याभोवती आवळलेली.
तो म्हणतो, उतारूंनो, पैसे नकोत,
प्रत्येकानं एक नाव द्या.
जे द्याल, ते पुन्हा आठवणार नाही…"

डबा थरथरला.
सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं, मीसुद्धा.
गेटवरून विचारत होते: बी विंग, पार्सल, सोडू का?

मोमो वर येईपर्यंत नावाडी थांबला.

तीन वर्षं लिहितोय मी ही नदी
ऑफिसात, जमाखर्चाच्या फायलीखाली,
दोनशे पानी वहीत.
बायको म्हणते, त्यापेक्षा कादंबरी लिही की.
मी म्हणतो, कादंबरीत समोरचा फासा टाकत नाही.

शौनकचा अंगठा चालूच.
वर, वर, वर,
रहाटावरून दोर ओढत राहावं
आणि बादली कधी काठाशी येऊच नये, तसा.
मी त्याच्यासाठी आवाज चढवला,
धूर दाट केला,
डोहातून असं काही वर काढलं
जे खरं तर पुढच्या महिन्यात येणार होतं.
तो हसला.
फोनमधल्या कशाला तरी.

मग मी गप्पच झालो. मुद्दाम, वाक्य अर्धं सोडून.
मनात मोजत राहिलो. सतरा, अठरा.
तबरेज फाशावर फासा रचत होता.
ईशानी चटणी नकाशापासून लांब सरकवत होती.
मृदुला डब्याकडे बघत होती, पाळण्याकडे बघावं तशी.

आणि मान खालीच ठेवून शौनक म्हणाला,
"याला डाव्या हाताला सहा बोटं होती ना?
फेब्रुवारीत भेटला होता, मिठाच्या बाजारात.
तेव्हा सहा. आत्ता तू पाच म्हणालास.
हा तो नाही."

मी वही चाळली. मागे, आणखी मागे.
चहाचा डाग. माझंच अक्षर:
नावाडी, डावा हात, सहा.

ती चूक होती. मी विसरलो होतो.
तासभर माझं सगळं लक्ष
एका अंगठ्यावर खिळलेलं,
नावाड्याची बोटं कोण मोजणार?

पण सूत्रधारानं असलं काही कबूल करायचं नसतं.
मी वही मिटली. म्हटलं, "ओळखलंस.
त्याच्या चेहऱ्यावरचं हसू
हळूहळू
त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठं होतं."

ईशानीच्या हातातला मोमो हातातच राहिला.
तबरेजचा मनोरा ढासळला.
मग फासे, मग आरडाओरडा,
खालून चिरमुल्यांनी काठीनं दोनदा छत ठोकलं,
डबा वाजत राहिला, कुणी पाहिलं नाही.
मृदुलानं पाहिलं. एकदाच. आई ठीक होती.

साडेदहाला, ऐन वेळी,
नावाड्याचा मुखवटा अर्धा सोलून झालेला,
"शौनक, तुझा टर्न."
"हं? सॉरी. कुठे आहोत आपण?"

सगळे गेल्यावर वहीत लिहिलं:
सहावं बोट कुठे गेलं, शनिवारपर्यंत ठरवणे.
त्याखाली:
चकलीचं तेल कुणाच्या फोनला लागलं का, विचारणे.
डबा धुणे.